लाज वाटेल इतकं हळू

ताई, मी ४४ वर्षांची, पतसंस्थेत नोकरी करते. आम्ही सहकारनगरला राहतो. लेक बारावीत आहे, पुढच्या वर्षी बहुतेक बाहेरगावी शिकायला जाईल. दोन वर्षं ती तळजाई टेकडीवर पळायला जाते. मध्यंतरी एका रविवारी म्हणाली, "आई, तूपण चल ना." मला इतका आनंद झाला की त्याच संध्याकाळी बूट आणले. तेव्हापासून पाच वेळा गेले आणि पाचही वेळा तेच झालं. दोन मिनिटांत धाप, घशात रक्ताची चव, बरगडीखाली कळ. ती पुढे जाऊन पाठमोरी उभी राहते, माझी वाट बघते, आणि मला रडू येतं. सगळे म्हणतात सुरुवातीला त्रास होतो, मग आवडायला लागतं. मला तर शाळेपासून पळणं आवडत नाही. डॉक्टरांना दाखवलं. ईसीजी, शुगर, बीपी सगळं ठीक, "खुशाल पळा" म्हणाले. खरं सांगा, न आवडणारी गोष्ट आवडून घेता येते का? की काही माणसं पळण्यासाठी नसतातच?
– धापाबाई, सहकारनगर

धापाबाई,

टोपणनाव झकास आहे, पण ते तुमच्याकडे फार दिवस राहील असं वाटत नाही. तुम्ही पाच वेळा जे केलंत त्याला मी पळायला जाणं म्हणणार नाही. ४४ वर्षांच्या बाईनं सतरा वर्षांच्या मुलीच्या वेगानं तळजाईचा चढ चढायचा प्रयत्न केला, एवढंच झालं. तुमच्या सहकारनगरातून वर जाणारा तो रस्ता मला चांगला माहीत आहे. तिथे स्कूटरसुद्धा कुरकुरते. ती रक्ताची चव कुवतीबाहेर जोर लावला की येते. यावरून तुम्हाला पळणं आवडत नाही असं ठरत नाही. तुम्हाला गुदमरणं आवडत नाही, आणि ते कुणालाच आवडत नाही.

तुमचं "शाळेपासून" हे मात्र मला पटलं, कारण माझंही तिथूनच बिघडलं. आमच्या शाळेत पीटीच्या तासाला उशीर झाला की मैदानाला पाच फेऱ्या, डबा वर्गात खाल्ला की पाच फेऱ्या, हसलं तर सात. सर मधोमध शिट्टी घेऊन उभे. मी नेहमी शेवटून तिसरी असायचे, आणि माझ्या मागच्या दोघींशी माझी मैत्री केवळ त्या कारणानं टिकली. वर्षभर पळणं शिक्षा म्हणून आणि एक दिवस, क्रीडादिनाला, शर्यत म्हणून. मजा म्हणून कुणी पळतं, हे आम्हाला कुणी सांगितलंच नाही. (ट्रेडमिलचा जन्मसुद्धा तुरुंगातला आहे. १८१८ साली विल्यम क्यूबिट नावाच्या इंग्रज अभियंत्यानं कैद्यांना राबवण्यासाठी पायांनी फिरवायचं मोठं चक्र काढलं. आज आपण त्याच नावाच्या यंत्रावर चढायला जिमची वर्षाची फी भरतो.) पुढे १९८३ पासून पुण्यात मॅरेथॉन सुरू झाली. डिसेंबरातल्या रविवारी आम्ही रस्त्याच्या कडेला उभं राहून परदेशी धावपटू वाऱ्यासारखे जाताना बघितले. पळणं म्हणजे हे, अशी डोक्यात पक्की खूणगाठ बसली. त्या चित्रात मी कुठेच नव्हते, तुम्हीही नसणार.

आपली भाषाही याला मदत करत नाही. आपण "पळायला जातो" म्हणतो, पण पळणं म्हणजे मूळचं काहीतरी टाळून सुटणं. पळून जातात, पळवून नेतात, पळवाट काढतात, पळपुटे असतात. धावण्यातही धावपळ आली, धावाधाव आली. सगळीकडे कुणीतरी मागे लागलेलं नाहीतर काहीतरी पुढे निसटत चाललेलं. तरी एक शब्द आहे आपल्याकडे. घोडा चालतही नाही आणि उधळतही नाही, मधल्या चालीनं जातो, ती दुडकी. मूल नुकतं चालायला लागलं की दुडूदुडू पळतं, तेही तेच. तुम्हाला शिकायची आहे ती ही दुडकी चाल. पळणं मागाहून आलं तर येऊ दे.

दुडकी म्हणजे किती हळू? लाज वाटेल इतकं. मी हे गमतीनं म्हणत नाही. हळू पळण्यात पायांना किंवा छातीला काहीच अडचण नसते. अडते ती लाज. मी एकोणचाळिसाव्या वर्षी सुरुवात केली तेव्हा पर्वतीच्या पायथ्याशी अंधार असतानाच जायचे, कुणी बघू नये म्हणून. तिसऱ्या दिवशी एका रिक्षावाल्यानं थांबून विचारलं, "मॅडम, बस चुकली का? सोडू?" दुसऱ्या एका सकाळी काठी घेतलेले आजोबा मला चालत मागे टाकून गेले आणि जाता जाता म्हणाले, "चालू द्या, चालू द्या." त्या दिवशी घरी येऊन बूट माळ्यावर टाकले होते. आठ महिने तिथेच होते. आता वाटतं, आजोबांच्या मागे मागे तसंच जात राहिले असते तर आठ महिने वाचले असते.

याच लाजेतून गेलेला एक मोठा माणूस सांगते. बिल बॉवरमन हे अमेरिकेतले नामवंत धावणे-प्रशिक्षक, ऑलिम्पिकपटू घडवणारे, पुढे नायकीचे सहसंस्थापक. १९६२च्या अखेरीस ते न्यूझीलंडला गेले. तिथले प्रशिक्षक आर्थर लिडियार्ड यांनी त्यांना ऑकलंडच्या एका रविवारच्या मंडळाबरोबर टेकडीवर पळायला नेलं. मंडळात सर्वसामान्य बायका, पुरुष, म्हातारे. बॉवरमन तेव्हा ५१ वर्षांचे. थोड्याच वेळात ते धापा टाकत मागे पडले आणि सत्तरी ओलांडलेले, हृदयविकारातून उठलेले एक गृहस्थ केवळ त्यांना सोबत म्हणून मागे थांबले. गप्पाही मारत होते म्हणे, बॉवरमनना उत्तर द्यायला श्वास पुरत नव्हता. लिडियार्ड लोकांना सांगायचे, सराव करा, ओढाताण करू नका. बॉवरमननी घरी परतल्यावर आपल्या गावातल्या मध्यमवयीन लोकांना गोळा केलं आणि तेच सुरू केलं. अमेरिकेत जॉगिंगची लाट आली तिच्या मुळाशी असा हा फजितीचा रविवार आहे.

वेग बरोबर आहे का हे ओळखायला घड्याळ लागत नाही. पळता पळता सतराचा पाढा मोठ्यानं म्हणा. सतरा एके सतरा, सतरा दुणे चौतीस, सतरा त्रिक एक्कावन्न, असं दोनतीन पायऱ्या एका श्वासात म्हणता आलं तर वेग ठीक. प्रत्येक आकड्याला श्वास घ्यावा लागला तर वेग जास्त, लगेच चालायला लागा. पाढा येत नसेल तर भाजीची यादी म्हणा. आणि मोबाइलमधलं ते ॲप, जे दर किलोमीटरला वेग बोलून दाखवतं, ते काढून टाका. शिट्टीवाल्या सरांना खिशात घालून फिरायची गरज नाही.

सतत दुडकायचंही नाही. आधी पाच मिनिटं झपझप चालायचं. मग एक मिनिट दुडकी, दीड मिनिट चाल, असं आलटून पालटून वीस मिनिटं. पुरे. घरी या. आठवड्यातून तीनदा, मध्ये एक दिवस सोडून. दुडकीचे तुकडे हळूहळू वाढवत नऊ आठवड्यांत सलग अर्ध्या तासापर्यंत जायचं. हे माझं डोकं नव्हे. १९९६ साली जॉश क्लार्क नावाच्या अमेरिकी तरुणानं हा नऊ आठवड्यांचा क्रम बेतला आणि तो बेतताना त्याच्या डोळ्यांसमोर त्याची पन्नाशीतली आई होती. आज जगभर लोक त्यावर पळायला शिकतात. एखादा आठवडा जड गेला तर तोच पुन्हा करा. मला तिसरा आठवडा चार वेळा करावा लागला. घाई करू नका, कारण दम काही आठवड्यांत वाढतो, पण हाडांना आणि कंडरांना (स्नायू हाडाला बांधणाऱ्या दोऱ्यांना) सवय व्हायला महिने लागतात. दम आला म्हणून माणूस जोर करतो आणि नडगी धरून बसतो.

पहिल्या दहा मिनिटांवर विश्वास ठेवू नका. पुण्यात पाणी गेल्यानंतर नळ सोडला की आधी फुसफुस हवा येते, मग लालसर पाणी, मग नीट धार. शरीराचंही तसंच. पाय हलायला लागले की स्नायू लगेच जास्त प्राणवायू मागतात, पण हृदय आणि फुफ्फुसांचा पुरवठा तिथवर पोचायला दोनतीन मिनिटं जातात. तुम्ही नेमक्या त्याच वेळी दर वेळी थांबलात. म्हणून आधी चालणं महत्त्वाचं. मला आजही, इतकी वर्षं झाली तरी, पहिली दहा मिनिटं आवडत नाहीत. रोज मनात येतं, आज नको. अकराव्या मिनिटाला ते विसरायला होतं.

आता तुमचा मूळ प्रश्न, आवडून घेता येतं का. १९९२ साली जेरुसलेमच्या एका प्रयोगशाळेत मेंदूतलं एक रसायन सापडलं आणि शास्त्रज्ञांनी त्याला चक्क आपला संस्कृत शब्द लावून आनंदामाइड नाव दिलं. पळाल्यानंतर जे हलकं, बरं वाटतं त्याचं श्रेय पूर्वी एंडॉर्फिन नावाच्या दुसऱ्या रसायनाला द्यायचे, आता बरेच संशोधक या आनंदामाइडकडे बोट दाखवतात. गंमत अशी की प्रयोगांत ते मध्यम जोरानं पळणाऱ्यांमध्ये वाढलेलं दिसलं. रमतगमत चालणाऱ्यांत नाही आणि छाती फुटेस्तोवर पळणाऱ्यांतही नाही. म्हणजे दुडकी. अर्थात रसायनावर भरवसा ठेवून बसू नका. मला स्वतःला पळताना ब्रह्मानंद वगैरे कधी झालेला नाही. होतं ते नंतर, अंघोळ करून चहाचा कप हातात घेतल्यावर. तेव्हा घरातलं कुणी काहीही बोललं तरी अर्धा तास राग येत नाही. माझ्या घरात एवढंही पुष्कळ झालं.

बायकांना पळणं नकोसं होण्याची दोन कारणं पुरुष सल्लागार सांगत नाहीत, ती मी सांगते. एक, ब्रा. रोजची चालत नाही. घट्ट, मापाची स्पोर्ट्‌स ब्रा घ्या, दुकानात घालून दोन उड्या मारून बघा, लाजू नका. तुम्ही बूट आणले, पण मी आधी ही आणली असती. (बूट संध्याकाळी घ्यावेत, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात, अंगठ्यापुढे बोटभर जागा हवी. यापलीकडे बुटांबद्दल मला काही म्हणायचं नाही.) दुसरं, बाळंतपणानंतर अनेकींना पळताना, शिंकताना थेंब-दोन थेंब लघवी होते. तुम्ही लिहिलेलं नाही, पण कुणीच लिहीत नाही. तसं असेल तर "वयानुसार चालायचंच" म्हणून सोडून देऊ नका. ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम शिकवणाऱ्या फिजिओथेरपिस्ट असतात आणि त्यानं बहुतेकींना फरक पडतो. तोवर गडद रंगाची पँट आणि पॅड.

आणखी एक. तुमच्या तपासण्यांच्या यादीत मला हिमोग्लोबिन दिसलं नाही. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांत रक्ताची कमतरता आढळली होती. ते कमी असेल तर तुम्ही जगातल्या सगळ्यात शहाण्या पद्धतीनं पळालात तरी धाप लागणारच. एक साधी तपासणी आहे, सुरू करण्याआधी करून घ्या. आणि पळताना छातीत दडपण आलं, चक्कर आली, तर आधीचा ईसीजी नॉर्मल होता म्हणून पुढे रेटू नका.

जागेचं म्हणाल तर तळजाई उत्तमच, फक्त तो चढ चालत जा. कुणीही काहीही म्हणो, चढ चालत. वर सपाटीला लागलात, मातीची वाट आली, झाडी आली, की दुडकी सुरू. डांबरापेक्षा माती पायाला मऊ लागते आणि मोराची ओरड ऐकू आली की पाढा आपोआप चुकतो. रविवारची सकाळ मात्र टाळा. तेव्हा तळजाईवर निम्मं पुणे असतं, त्यातले काही मोबाइलवर मोठ्यानं भक्तिगीतं लावून फिरतात आणि उरलेले एकमेकांची गुडघेदुखी तपासतात. सुरुवातीला मधल्या वारी जा, एकटीनं वाटत नसेल तर एखाद्या चालणाऱ्या मैत्रिणीला घ्या. कुत्री अंगावर आली तर पळू नका, हे सांगायला नको, पण सांगते: थांबा, नजर देऊ नका, सावकाश चालत पुढे व्हा.

नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात सुरुवात करा. ऑक्टोबरची काहिली संपलेली असते, सकाळी स्वेटरची आठवण येण्याइतपत गारवा असतो. तिथून नऊ आठवडे मोजलेत तर बरोबर संक्रांत येते. तोवर कुठल्याही दहा किलोमीटरच्या स्पर्धेत नाव घालू नका, ऑफिसातल्या ग्रुपनं कितीही आग्रह केला तरी. संक्रांतीला स्वतःला विचारा. नाहीच आवडलं, तर तिळगूळ खाऊन पळणं सोडून द्या. मी एक अक्षर बोलणार नाही. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते, आणि त्यात झपझप चालणं पूर्ण धरलं जातं. तब्येतीसाठी पळायलाच हवं असं काही नाही.

पण तुम्ही तब्येतीसाठी लिहिलेलंच नाही, नाही का? पत्रात तब्येत एका ओळीत उरकली आहे आणि लेक चार ओळीत.

तेव्हा तिच्याबद्दल. ती पाठमोरी उभी राहते, याचा अर्थ तुम्ही "तिला माझी लाज वाटते" असा लावला असावा. सतरा वर्षांची मुलगी पाठ का करते, हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण धापा टाकणाऱ्या आईकडे टक लावून बघू नये एवढी समज तिला असेल, असंही शक्य आहे. तिला विचारा. आणि हेही विचारा की तिनं तुम्हाला बोलावलं कशाला. तिला पळायला जोडीदारीण हवी असती तर मैत्रीण मिळाली असती. या वयाची मुलं समोर बसवून "बोल, काय चाललंय" म्हटलं की तोंड मिटतात, पण शेजारी शेजारी, नजर पुढे ठेवून चालताना पुष्कळ सांगून जातात. माझ्या मुलानं आपण नोकरी सोडल्याचं मला सिंहगड उतरताना सांगितलं होतं, पुणे दरवाजाच्या खाली, दगडावरून पाय घसरत असताना. घरात तीन महिने सांगितलं नव्हतं. मात्र बोलायचं तर दोघींना श्वास हवा, आणि तो दुडकीतच शिल्लक राहतो.

जोरात पळणाऱ्यांनाही आठवड्यातले बरेचसे दिवस हळू पळावं लागतं, नाहीतर दुखापती होतात. तिच्या अशा एका दिवशी तुम्ही बरोबर जा. तिला फारच हळू वाटलं तर तिनं पुढे जाऊन परत फिरून यावं आणि पुन्हा तुमच्याशी जुळवून घ्यावं. तिचं अंतर जास्त होईल, तुमचं कमी, आणि थांबून वाट बघणं कुणालाच नको.

तुम्हाला वारीतलं रिंगण बघायला मिळालं असेल. नसेल तर येत्या आषाढात जा. झेंडेकरी पळतात, विणेकरी पळतात, डोक्यावर तुळशीवृंदावन घेतलेल्या साठीच्या बायका नऊवारी सावरत पळतात. वेळापूरजवळ तर वारकरी उतारावरून अक्षरशः धावत सुटतात. तिथूनच तुकोबांना कळस दिसला आणि ते धावले, अशी श्रद्धा आहे, म्हणून त्याला नावच धावा. यातल्या एकीलाही विचारून बघा, "तुम्हाला रनिंग आवडतं का?" ती तुमच्याकडे वेड्यासारखी बघेल.

आणि शेवटी एक अगदी बारीक गोष्ट, जी मी तुमच्या जागी पहिल्याच दिवशी केली असती. तुम्ही दोघी घरातून एकत्र निघू नका. तुम्ही तिच्या वीस मिनिटं आधी निघा. चढ तुमच्या चालीनं चढा, वर पोचा, पाढा म्हणत दुडकायला लागा. मागे वळून बघू नका. तिचे बूट मातीवर वाजतात तो आवाज तुम्ही दोन वर्षं जिन्यात ऐकलाय, त्यामुळे ती जवळ आली की तुम्हाला कळेलच.